शेपूट पाहणाऱ्या राठोड सिस्टर

राठोड सिस्टरना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत एका कुत्र्याचे मागचे दोन पाय होते. कुत्रा अर्थातच पायांना जोडलेला होता, आणि त्याच्या तोंडात दुसऱ्या कुत्र्याचा कान होता.

आमच्या सामानाचा टेम्पो नुकताच लोहाऱ्याच्या आमच्या नव्या गल्लीत शिरला होता. मी ड्रायव्हरच्या शेजारी बसले होते. मांडीवर कुकर, कारण तो मागे ठेवला तर चेपेल अशी मला भीती. रस्त्याच्या मधोमध ही झटापट चाललेली. दहा-बारा माणसं भिंतीला टेकून बघत होती आणि एक वाळकी, साठीच्या पुढची बाई कुत्र्याशी झुंजत होती.

"पाहून काय राह्यला? उतर खाली! त्या दुसऱ्याचे पाय धर!" त्या आमच्या ड्रायव्हरवर ओरडल्या.

ड्रायव्हरने काच वर केली.

"तू उतर, पोरी! मांडीवर काय हाये? कुकर? वाजव त्याले!"

मी उतरले. का उतरले ते आजही सांगता येत नाही. मी शाळेत शिकवते. मला हुकूम सोडायची सवय आहे, ऐकायची नाही. पण भर रस्त्यात उभी राहून मी कुकरवर झाकण आपटायला लागले. "अजून जोरानं!" अजून जोरानं आपटलं. कुत्रा दचकला, कान सुटला, आणि त्याच क्षणी सिस्टरनी हातगाडी मागे घ्यावी तसा त्याला अर्धा गोल फिरवून गल्लीच्या तोंडाशी नेऊन सोडलं. दुसरा कधीच पसार झाला होता.

त्यांनी हात पदराला पुसले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "आवाज चांगला हाये कुकरचा. कोणत्या घरी राहाले आली?"

अशी आमची ओळख.

सिस्टर म्हणजे नात्याने कोणाच्या नव्हेत. पस्तीस वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि तांड्यांत आरोग्यसेविकेची नोकरी केली होती. निवृत्त झाल्या, पण 'सिस्टर' हे नाव काही निवृत्त झालं नाही. यजमान वारलेले. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात एकट्याच राहत. वर खोचलेली साडी, पायात कापडी बूट आणि काखेत गुंडाळी केलेलं गोणपाटाचं पोतं. हे पोतं त्यांच्याबरोबर सगळीकडे जाई. बँकेत जाई, दवाखान्यात जाई, बाजारात जाई. एका लग्नात त्या जरीच्या साडीत आणि काखेत पोतं घेऊन आल्या, तेव्हा वरमाईला वाटलं की उरलेलं जेवण बांधून न्यायला आणलं असेल. तिने तोंड वाकडं केलं. अर्ध्या तासाने मंडपामागे उष्ट्या पत्रावळींवर चार कुत्री एकमेकांवर तुटून पडली. आचारी उकळतं तेल घेऊन धावला. सिस्टरनी त्याला बाजूला ढकललं, पोतं उलगडलं, सर्वांत पुढच्या कुत्र्याच्या तोंडावर टाकलं आणि भांडण मिटवलं. मग पोतं झटकलं, गुंडाळलं आणि पंगतीला जाऊन उभ्या राहिल्या.

उभ्याच. कारण सिस्टर बसत नसत. मी त्यांना खुर्ची दिली की त्या खुर्चीवर पोतं ठेवत आणि स्वतः चहाचा कप घेऊन आमच्या ओट्यावर फेऱ्या मारत. बोलता बोलता मान रस्त्याकडे वळलेली. वाक्य अर्धं सोडून "थांब, आली मी" म्हणून जात, आणि पाच मिनिटांनी येऊन ते वाक्य तिथूनच पुरं करत. माझा नवरा म्हणायचा की सिस्टर आल्या की आपल्यालाच कुठे तरी जायचंय असं वाटायला लागतं.

त्यांचं एक वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. कुत्र्याबद्दल कोणी काहीही म्हटलं की सिस्टर म्हणत, "जात काय पाहून राह्यला? शेपूट पाह्य, शेपूट!"

हे त्यांचं शास्त्र होतं. शेपूट हलतं म्हणजे कुत्रा खूश, हा त्यांच्या मते जगातला सर्वांत घातक गैरसमज. "हलते कसं ते पाह्य ना. ढिल्लं अन् कमरेसकट हललं तर राम राम करून राह्यला. ताठ उभं करून हळूहळू हलवलं तर समज, बोलणं संपलं. तोंड उघडं असन तवरी ठीक. तोंड मिटलं, नजर गाडली, का पोतं काढ." कुत्र्याने मान वळवली, जमीन हुंगली, तर तो शहाणा, त्याला भांडण नको आहे. आणि मालकाने दोरी ताणली तर मालक बावळट, कारण ताणलेली दोरी कुत्र्याला सांगते की पुढे काही तरी भयंकर आहे.

एकदा मी त्यांना आमच्या शाळेत हात धुण्याचं महत्त्व सांगायला बोलावलं. पहिली दोन मिनिटं हात धुऊन झाले. मग कोपऱ्यातला झाडू त्यांच्या नजरेला पडला. तो त्यांनी कमरेमागे धरला आणि पुढचा पाऊण तास ताठ शेपूट, ढिलं शेपूट, पायांत घातलेलं शेपूट असं सगळं करून दाखवलं. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले तर सिस्टर मुलांना म्हणाल्या, "आता सायबाकडे पाहा. तोंड मिटलेलं हाये, नजर गाडली हाये. आपण काय करायचं?" चाळीस मुलांनी एकदम मान वळवली आणि जमिनीकडे पाहिलं.

आमच्या गल्लीत या शास्त्राला विरोध करणारा एकच पंडित होता. गुल्हाने काका. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, कॉलनीचे स्वयंघोषित अध्यक्ष, आणि स्वीटी नावाच्या पांढऱ्याशुभ्र पॉमेरियनचे पालक. काकांचा मोबाइलवरच्या व्हिडिओंवर गाढ विश्वास. त्यांच्याकडे प्रत्येक जातीचा निकाल तयार असे. लॅब्राडॉर म्हणजे संत. जर्मन शेफर्ड म्हणजे पोलीस. डॉबरमन सातव्या वर्षी मालकालाच फाडतो, कारण त्याचा मेंदू वाढत जातो आणि कवटी पुरत नाही. गावठी म्हणजे भाकरी टाकेल त्याचा. आणि पॉमेरियन? "ते लेकरू आहे हो, लेकरू."

हे लेकरू रोज सकाळी फाटकाच्या फटीतून दूधवाल्याच्या पोटरीवर झेप घेई. पेपरवाला पेपर लांबूनच भिरकावी. गल्लीतला भुऱ्या नावाचा गावठी कुत्रा काकांच्या घरापुढून जाताना रस्त्याची दुसरी बाजू धरी. पण स्वीटी पांढरी होती, लहान होती आणि तिच्या गळ्यात घुंगरू होतं, म्हणून ती चावली की लोक हसत. "भुऱ्या चावला असता तर दगडं घेतले असते तुम्ही," सिस्टर म्हणत आणि निघून जात.

मग सुलतान आला.

वानखडे नावाचे एक इंजिनिअर एमआयडीसीतल्या कापसाच्या जिनिंगमध्ये बदलून आले आणि आमच्या समोरच्या घरात राहायला लागले. एकटा, अबोल माणूस. बरोबर रॉटवायलर. काळा कुळकुळीत, छाती दरवाज्याएवढी, डोकं उखळासारखं. तो गाडीतून उतरला तेव्हा गल्लीतल्या सगळ्या खिडक्या एकदम लागल्या. दुपारपर्यंत काकांनी कॉलनीच्या ग्रुपवर अकरा व्हिडिओ टाकले, आणि संध्याकाळी नगर परिषदेला द्यायचा अर्ज घेऊन ते घरोघरी फिरले. मीही सही केली. सांगायला लाज वाटते, पण केली. आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

सिस्टरनी अर्ज वाचलाच नाही. त्या सरळ वानखड्यांच्या अंगणात गेल्या, सुलतानकडे पाठ नाही, तोंडही नाही, अशा कडेने उभ्या राहिल्या आणि आभाळाकडे बघत बसल्या. म्हणजे उभ्याच, पण तेवढा वेळ एका जागी मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. वीस मिनिटं. सुलतान आला, त्यांच्या बुटांचा वास घेतला, पोत्याचा वास घेतला. कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली आणि एवढं मोठं धूड वानखड्यांच्या पायांमागे जाऊन लपलं.

बाहेर येऊन सिस्टर म्हणाल्या, "भेवते तो."

"कोणाला?" मी विचारलं.

"साऱ्यालेच. शिटीले, फटफटीले, तुमच्या सह्यांलेही भेवन वाचता आलं तर. ध्यान ठेवा लागीन. भेवलेला कुत्रा रागावलेल्यापेक्षा वाईट."

दोन महिने काही झालं नाही. म्हणजे गल्ली रोज श्वास रोखून बसे आणि काही होत नसे. मग एका रविवारी सकाळी ते झालं.

काका दूध घ्यायला फाटकात आले आणि स्वीटी त्यांच्या पायांतून निसटली. समोरून वानखडे सुलतानला दोरीने घेऊन येत होते. पांढरा कापसाचा गोळा सुसाट रस्ता ओलांडून गेला आणि सुलतानच्या मागच्या मांडीला लटकला. सुलतान किंचाळला. मी ओट्यावर होते, स्वतःच्या कानांनी ऐकलं. तो गुरगुरला नाही, किंचाळला. मग वळला आणि स्वीटीची मान त्याच्या तोंडात गेली.

वानखडे दोरी ओढायला लागले. काका पायातली चप्पल काढून सुलतानच्या डोक्यात घालायला लागले. जितकं ओढावं, मारावं, तितका जबडा घट्ट. आजूबाजूची गावठी कुत्री धावून आली, त्यांचा वेगळाच कालवा. कोणी बादली शोधतंय, कोणी मोबाइल काढतंय. मी घरात धावले, कुकर उचलला, झाकण सापडेना.

"ओढू नको! दोरी ढिल्ली सोड! काका, चप्पल टाका खाली!"

सिस्टर कोपऱ्यावरून पळत आल्या. दोघंही माणसं ऐकण्याच्या पलीकडे गेली होती, तेव्हा त्यांनी आधी काकांना खांद्याने असा धक्का दिला की ते नालीच्या काठावर बसले. मग पोतं सुलतानच्या डोक्यावरून टाकलं आणि दोन्ही बाजूंनी दाबून धरलं. आत अंधार झाला. सिस्टर पोत्याला तोंड लावून हळू आवाजात काही तरी बोलत होत्या. मराठीत नाही, त्यांच्या तांड्याच्या गोरबोलीत. पाच सेकंद, दहा सेकंद. जबडा सुटला. स्वीटी खाली पडली आणि उठून थेट काकांच्या स्कूटरखाली शिरली.

"तिले हात लावू नका आत्ता!" सिस्टर ओरडल्या.

पण काकांनी हात घातलाच. "माझं लेकरू, माझं लेकरू..." आणि लेकराने त्यांच्या अंगठ्याचा असा चावा घेतला की काकांची किंकाळी पार बाभुळगाव रस्त्यापर्यंत गेली असेल.

सिस्टर लगेच सिस्टर झाल्या. काकांचा हात धरून नळाखाली नेला, साबण लावला. "पंधरा मिनिटं धुवा लागते. घड्याळ पाहा. स्वीटीले टोचलं होतं का यंदा?"

"तिला कायले? ती तर घरातच असते," काका रडकुंडीला येऊन म्हणाले.

"मंग आता तुम्हाले टोचा लागीन. पाच सुया."

"अहो, घरचे दात आहेत ते!"

"दाताले घर नसते, काका. धुवा."

स्वीटीच्या मानेला दोन भोकं पडली होती. डॉक्टरांनी टाके घातले, ती वाचली. पण संध्याकाळी पाण्याच्या टाकीखालच्या मोकळ्या जागेत सभा भरली. सगळी गल्ली आली. वानखडे एका बाजूला मान खाली घालून उभे. काका अंगठ्याला पांढरी पट्टी बांधून मध्ये खुर्चीवर. ते खरंच दुखावलेले होते. दिवसभर त्यांनी स्वीटीला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की या कुत्र्याला आजच्या आज इथून घालवा, नाही तर उद्या कोणाचं तरी मूल जाईल. लोक माना हलवत होते. मग काका म्हणाले, "कितीही शिकवा, कितीही जीव लावा. शेवटी जात कुठे जाते?"

हलणाऱ्या माना थांबल्या. आमच्या दारातून बुद्धाची मूर्ती दिसते, आमचे आजोबा कोणत्या वस्तीतून इथवर आले ते गल्लीला ठाऊक आहे. दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं आणि झटकन दुसरीकडे पाहिलं. काकांच्या लक्षात आलं.

"कुत्र्याची म्हणून राह्यलो मी," ते म्हणाले. त्याने ते आणखीच वाईट झालं.

सिस्टर गर्दीच्या मागे फेऱ्या मारत होत्या, त्या पुढे आल्या.

"काका, माह्या आज्याले इंग्रजाच्या राज्यात रोज पाटलाकडे हजेरी द्या लागे. बैलावर मीठ वाहणारा माणूस. कोणाचा एक दाणा उचलला नव्हता त्यानं. मंग काहून द्या लागे हजेरी? तर म्हणे, याची जातच तशी. तसं कागदावर लिहून ठेवलं होतं सायबानं." त्या थांबल्या. "त्याचं शेपूट कोणीच पाह्यलं नाही."

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. बाकी कोणी हसलं नाही.

"आता सकाळचं पाहू," सिस्टर म्हणाल्या. "पयले कोण चावलं? स्वीटी. दोरी कोणाले नव्हती? स्वीटीले. सुई कोणाले टोचली नव्हती? स्वीटीले. अन् माणसाले कोण चावलं?"

सगळी गल्ली काकांच्या अंगठ्याकडे बघायला लागली. काकांनी तो हळूच खिशात घातला.

वानखड्यांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला, तर सिस्टर त्यांच्याकडे वळल्या. "तुम्ही हासू नका. तुमचा सुलतान काही गोगलगाय नाही. स्वीटी चुकली तर टाके पडते, हा चुकला तर जीव जाते. त्याच्या तोंडाले जाळी पाह्यजे. पण जाळी जबड्याले लावा. जातीले नाही."

अर्जाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. काकांनी तो खिशात ठेवला होता, तो बहुधा धुण्यात गेला.

दुसऱ्या आठवड्यापासून सिस्टरनी दोन्ही घरांना कामाला लावलं. सकाळी साडेसहाला सुलतान रस्त्याच्या डाव्या कडेने, जाळी लावून, ढिल्या दोरीने. स्वीटी उजव्या कडेने, काकांसोबत. मधून सिस्टर. दोन्ही कुत्री एकाच दिशेने चालायची, समोरासमोर नाही. एका कुत्र्याने दुसऱ्याकडे टक लावली की सिस्टर हात वर करत आणि दोघांनाही वळवून परत आणत. वानखडे आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते, त्यामुळे निरोपही सिस्टरच पोचवत. "काका म्हणते, तुमचा लवकर चालते." "वानखडे म्हणते, स्वीटीचं घुंगरू काढा." पेपरवाला सायकल थांबवून ही वरात बघत राही.

दीड महिना लागला. मग एक दिवस मधला रस्ता अर्धा झाला, आणि सुलतान स्वीटीच्या शेजारून चालताना खाली मान घालून गवत हुंगायला लागला. स्वीटी दुसऱ्या बाजूला बघत होती. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी घरून ताट आणलं, त्यात दूधभाकर कालवली आणि दोघांनी एका ताटात खावं, आपण व्हिडिओ काढावा, असा बेत केला. सिस्टरनी ते ताट लाथेने उडवलं. दूध काकांच्या लेंग्यावर.

"दोस्ती कोणी मांगतली?" त्या संतापून म्हणाल्या. "पाहून न पाह्यल्यासारखं करता आलं, म्हंजे झालं. तेवढंच लय असते."

सिस्टरना दोन मुलगे आहेत हे मी अजून लिहिलं नाही, कारण त्या स्वतःही कधी त्यांच्याबद्दल बोलत नसत. थोरला देविदास फुलसावंगीकडच्या तांड्यावर शेती करतो. धाकटा संतोष बाभुळगावला मोटारसायकली दुरुस्त करतो. बाप आजारी पडला तेव्हा नागपूरला न्यायला उशीर झाला. उशीर कोणामुळे झाला यावरून दोघे भावकीसमोर एकमेकांच्या अंगावर गेले. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून ते समोरासमोर आले नव्हते. हे मला सिस्टरनी नाही, त्यांच्या शेजारणीने सांगितलं.

दिवाळीच्या पाडव्याला दोघेही आईकडे येत. थोरला सकाळच्या एसटीने येई आणि जेवून एकच्या आत निघे. धाकटा तीननंतर. मधल्या दोन तासांत सिस्टर थोरल्याचं ताट घासत, पाट उचलत, खोली झाडून काढत आणि पुन्हा नव्याने स्वयंपाक करत, जणू सकाळी कोणी आलंच नव्हतं.

गेल्या पाडव्याला एसटी रखडली. देविदास पोचला तोच दीड वाजता. सिस्टर दाराशी येत होत्या, आत जात होत्या, पुन्हा दाराशी. मी ओट्यावर रांगोळी काढत होते. अडीचच्या सुमाराला मोटारसायकलचा आवाज आला. संतोष. दुकान लवकर बंद केलं होतं त्याने.

सिस्टर पिठाच्या हातांनी धावत रस्त्यावर आल्या आणि गाडीपुढे उभ्या राहिल्या. आत देविदास जेवत होता. सिस्टरनी घराकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, पुन्हा घराकडे. काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. मग मी दिसले.

"मास्तरीण," त्या म्हणाल्या, आणि तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, "याले जरासा तुह्या घरी चहा पाज ना."

संतोषला कळलं. चाळिशीला आलेला माणूस तो. "बरं, याडी," एवढंच आईला म्हणाला. इंजिन बंद करून त्याने गाडी आवाज न करता आमच्या फाटकापर्यंत ढकलत आणली.

तो आमच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसला. मी चहा दिला, शंकरपाळे दिले. पाऊसपाण्याचं झालं, दुकानाचं झालं. तिथून दिसणाऱ्या कोपऱ्यावरच्या घरातून देविदास आचवायला बाहेर आला. तांब्या घेऊन पायरी उतरला, भिंतीला हात लावून.

संतोष कप हातात धरून तसाच बघत राहिला.

"लंगडून राह्यला का तो?" त्याने विचारलं.

"गुडघा दुखतो म्हणत होत्या सिस्टर."

"डावा का उजवा?"

"ते नाही मला माहीत."

"डावाच असन," तो स्वतःशीच म्हणाला. "निंबावरून पडलता लहानपणी."

देविदास पिशवी घेऊन निघाला. आमच्या फाटकाशी लावलेली मोटारसायकल त्याला दिसली असणार. त्याची पावलं जरा मंद झाली. मग तो पुढे गेला. संतोष आईकडे गेला, जेवला, पाच वाजता परतही गेला.

दिवेलागणीला सिस्टर ताटभर अनारसे घेऊन आमच्याकडे आल्या. "उगाच तरास दिला तुले," म्हणाल्या. मी म्हटलं, त्रास कसला, उलट तुमचा संतोष विचारत होता.

"काय विचारत होता?"

"भाऊ लंगडतो का, म्हणून."

ताट त्यांच्या हातात तसंच राहिलं. "सोताहून विचारलं? का तू गोठ काढली?"

"स्वतःहून. मी काहीच बोलले नव्हते."

"नाव घेतलं का त्यानं?"

"नाही. 'तो' म्हणाले."

"तो म्हणला." त्यांनी मान हलवली. "बरं. मंग?"

मी सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "पयलेपासून सांग बरं. तो खिडकीत बसला होता, तठून." मी पुन्हा सांगितलं, कप कसा धरला होता ते, देविदासने भिंतीला हात लावला ते. त्या प्रत्येक शब्दाला थांबवत होत्या. रागाने म्हणला का? नाही. हसून? नाही, नुसतं विचारलं. बाहेर कोणी तरी फटाक्यांची लड लावली, गल्लीभर कुत्री भुंकायला लागली. सिस्टरनी मान वळवली नाही.

"अन् पायाचं काय म्हणला? ते सांग पुन्हा."

"डावा की उजवा, असं विचारलं. मला माहीत नव्हतं. मग म्हणाले, डावाच असेल."

सिस्टरनी ताट माझ्या हातात दिलं आणि पदराने डोळे पुसले.

"डावाच हाये," त्या म्हणाल्या. "बरोबर सांगतलं पोरानं. डावाच हाये त्याचा."